ओव्हनच्या बटणाला लावलेला चिमटा



आमच्या लहानपणी ईद जवळ आली की अम्मी नानखटाईचं पीठ घरी मळायची आणि ट्रे भरून माझ्या भावाकरवी मोहल्ल्यातल्या बेकरीच्या भट्टीवर पाठवायची. भाजणावळ द्यावी लागे आणि तासन्‌तास नंबर लागत नसे. तेव्हाच मनात घेतलं होतं, आपल्या घरी ओव्हन आणायचा. काही वर्षांपूर्वी ती हौस पूर्ण झाली. चार बर्नर वर आणि खाली गॅसवर चालणारा ओव्हन, अशी कुकिंग रेंज घरात आली.

गेल्या रमजानच्या आधीपासून या ओव्हनला एक खोड लागली होती. बटण दाबून धरलं की खालचा बर्नर पेटायचा, हात सोडला की विझायचा. पहिल्यांदा दहा सेकंद धरावं लागे, मग वीस, मग मिनिटभर. मेकॅनिकला बोलावू, बोलावू म्हणता शाळेच्या परीक्षा आल्या, पेपर तपासणं आलं. ईद चार दिवसांवर आली तेव्हा मी एक युक्ती केली. बटण आत दाबलं आणि ते बाहेर येऊ नये म्हणून त्याच्या मागे कपड्यांचा चिमटा अडकवला. जाळ टिकला. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

एक ट्रे निघाला. दुसरा ठेवून ओव्हनचं दार जरा जोरात लावलं आणि असरची नमाज पढायला आतल्या खोलीत गेले. परत येते तो स्वयंपाकघरात कुबट, सडक्या कोबीसारखा वास. बाहेर अंधारून आलं होतं. काय झालं ते बघावं म्हणून माझा हात दिव्याच्या बटणाकडे गेला, तेवढ्यात माझी आठवीतली मुलगी मागून ओरडली, "अम्मी, लाइट लावू नको! गॅस आहे!"

तिने धावत जाऊन खिडकी आणि मागचं दार उघडलं. मी चिमटा काढला, बटण बंद केलं, रेग्युलेटर बंद केला. फ्रिजला, पंख्याला कुणी हात लावला नाही. आम्ही सगळे अंगणात जाऊन बसलो. अल्लाहचं लाख शुक्र, कुणाला काही झालं नाही. पण माझे पाय बराच वेळ थरथरत होते. चौदा वर्षांच्या मुलीला जे सुचलं, ते वीस वर्षं शिकवणाऱ्या तिच्या अम्मीला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. मी त्याच्या शेजारी उभी राहून सगळं विचारून घेतलं, कारण आपल्या घरातली वस्तू कशी चालते हे आपल्याला कळलंच पाहिजे.

ओव्हनच्या बर्नरजवळ बोटाएवढी धातूची काडी असते. तिला थर्मोकपल म्हणतात. दोन वेगळे धातू एका टोकाला जोडलेले असतात. ते टोक जाळात तापलं की त्यातून अगदी थोडी वीज तयार होते. त्या विजेवर आतलं लोहचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतं. जाळ विझला की काडी थंड होते, वीज थांबते आणि झडप आपोआप बंद होते. सुरुवातीला आपण बटण दाबून धरतो ते ही काडी तापेपर्यंत. चांगल्या ओव्हनला त्यासाठी दहा-पंधरा सेकंद पुरतात.

माझ्या ओव्हनमध्ये त्या काडीचं टोक काजळीने भरलं होतं आणि जाळापासून बाजूला सरकलं होतं. म्हणून ती तापत नव्हती आणि झडप बंद होत होती. म्हणजे ओव्हन आपलं काम इमानदारीने करत होता. मी चिमटा लावून त्या राखणदाराचेच हात बांधले. दार आदळल्याने जाळ विझला आणि गॅस तसाच येत राहिला. मेकॅनिकने टोक पुसलं, जागेवर बसवलं, मागचा नट घट्ट केला. वीस मिनिटांचं काम. एवढ्यानेही भागलं नसतं तर काडीच बदलावी लागली असती.

आता ज्यांच्याकडे ओव्हन नाही, साधी शेगडी आहे, त्यांच्यासाठीही काही गोष्टी.

एकही बर्नर पेटत नसेल तर आधी सिलिंडर संपला आहे का, रेग्युलेटर नीट बसला आहे का, नळी कुठे दुमडली आहे का ते बघा.

एकच बर्नर त्रास देत असेल तर तो उतू गेलेल्या दुधाने किंवा भाताच्या पेजेने बुजलेला असतो. रेग्युलेटर बंद करा, बर्नर थंड होऊ द्या, मग काढून कोमट साबणपाण्यात ब्रशने घासा आणि भोकं पिनेने मोकळी करा. पूर्ण वाळल्यावरच बसवा, ओला बर्नर पेटत नाही. तो खाचेत सरळ बसला पाहिजे. पण ज्या बारीक छिद्रातून गॅस येतो, त्या जेटमध्ये पिन घालू नका. ते छिद्र मोठं झालं तर गॅस जास्त येतो. ते काम मेकॅनिकचं.

बटण फिरवल्यावर टकटक होते पण ठिणगी दिसत नाही, तेव्हा ठिणगीच्या टोकावर ओल किंवा तेलकटपणा असतो. कोरड्या कापडाने पुसा. बॅटरीवर चालणारी शेगडी असेल तर बॅटरी बदला.

जाळ निळा असावा. पिवळा जाळ आणि काळी होणारी भांडी म्हणजे बर्नरला हवा कमी पडते आहे. खालच्या नळीत कचरा किंवा कोळ्याचं जाळं असू शकतं. अशा जाळातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि दुरुस्ती लांबवू नका.

पेटवण्याची रीत अशी: आधी काडी किंवा लायटर तयार, मग गॅस. चार-पाच सेकंदांत पेटलं नाही तर बटण बंद करा. ओव्हन असेल तर दार सताड उघडून पाच मिनिटं थांबा, मगच पुन्हा पेटवा. साचलेल्या गॅसला काडी लावली की भडका थेट तोंडावर येतो.

घरगुती गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत साचतो. वास आला तर जळतं ते सगळं विझवा, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. विजेचं कुठलंही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका, एक्झॉस्ट फॅनचंसुद्धा नाही. बाहेर या आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर फोन करा. गळती शोधायला साबणाचा फेस नळीवर आणि जोडावर लावा, बुडबुडे आले की गळती. काडी ओढून बघणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांच्या हातापाया पडून सांगते, असं करू नका. नळी आयएसआय खुणेचीच घ्या आणि पाच वर्षांनी बदला.

त्या रात्री मुलीला विचारलं, तुला हे कुठून कळलं? म्हणाली, "तूच तर वर्गात सांगतेस." मग थोडं थांबून म्हणाली, "पण अम्मी, शाळेतून आल्यावर मी चहा करते ना, तेव्हा मीपण शेगडीचं बटण असंच काहीतरी अडकवून ठेवायचे. तुझं बघून."

भगिनींनो, हे ऐकून मला गॅसच्या वासापेक्षा जास्त धास्ती वाटली. मुलं आपलं सांगणं ऐकतात, पण करतात ते आपलं बघून. आता आमच्या घरात नियम आहे: बिघडलेली वस्तू बंद, दुरुस्त होईपर्यंत बंदच.

उरलेल्या पिठाचं काय झालं म्हणाल, तर मुलाच्या हाती ट्रे देऊन बेकरीच्या भट्टीवर पाठवले. नंबर लागायला दोन तास लागले. नानखटाई मात्र अगदी अम्मीच्या हातची असावी तशी झाली.