अंडीं धुवावीं कीं न धुवावीं ?

अंडें दिसावयास स्वच्छ असलें म्हणजे तें चांगलें, अशी पुष्कळांची समजूत असते. गेल्या पावसाळ्यांत आमच्या वसतिगृहांत हीच समजूत नडली. तीस अंड्यांचा ट्रे आला. कांहीं अंड्यांस विष्ठेचे डाग होते. म्हणून पाळीवर असलेल्या आम्हां विद्यार्थ्यांनीं सर्वच अंडीं बादलीभर थंड पाण्यांत चोळून धुतलीं व फडताळांत मांडून ठेवलीं. आठवड्याभरानें त्यांतील बरींचशीं नासलीं. दोष अर्थातच दुकानदारास देण्यांत आला! आमच्या मतें मोठा अपराधी ती बादली होय.

अंड्याचें कवच वरून भरीव दिसतें, परंतु त्यास हजारों सूक्ष्म छिद्रें असतात. कोंबडी अंडें घालते तेव्हां त्यावर एक पातळ ओला लेप असतो. तो लागलीच वाळून तीं छिद्रें झांकून टाकतो. चोळून धुतल्यानें या लेपास इजा होते. शिवाय कोमट अंडें थंड पाण्यांत बुडवलें कीं आंतील द्रव्य आकुंचन पावतें, आणि बाहेरचें पाणी आपल्या घाणीसह छिद्रांवाटे आंत ओढलें जातें.

मग अमेरिकेंत अंडीं धुतात तीं कशीं? तेथें सरकारी प्रतीचा शिक्का मिळवावयाचा तर धुण्याचें पाणी निदान ९० अंश फॅरनहीट, आणि अंड्याहून निदान २० अंशांनीं अधिक ऊन असावें लागतें. धुतलेलें अंडें वाळवतात, उजेडापुढें धरून तडे, रक्ताचे ठिपके व आंतील हवेची पोकळी पाहतात. ही पोकळी अंड्याच्या वयाबरोबर वाढत जाते. नंतर प्रत व वजन ठरवून अंडें ४५ अंशांच्या आंतील थंडीत ठेवतात, आणि दुकानापर्यंत ती थंडी मोडूं देत नाहींत. युरोपीय संघांत याच्या अगदीं उलट, ‘अ’ वर्गाचें अंडें सामान्यतः धुण्यास व विक्रीपूर्वीं फार थंड करण्यास मनाई आहे. तेथें भर लेप राखण्यावर व खुराडें स्वच्छ ठेवण्यावर असतो. इंग्लंडांत १९८८ सालीं साल्मोनेला जंतूंच्या भीतीनें अंड्यांचा खप एकाएकीं कोसळला होता. १९९८ पासून सिंहाच्या शिक्क्याच्या योजनेंत कोंबड्यांस लस टोंचूं लागले. आणि २०१७ सालीं तेथील अन्नखात्यानें गर्भवती स्त्रिया व लहान मुलें यांनींही त्या शिक्क्याचीं अर्धकच्चीं अंडीं खाण्यास हरकत नाहीं, असें जाहीर केलें. हें काम खुराड्यांत झालें, बादलींत नव्हे.

दोन्ही रीति आम्हांस सयुक्तिक वाटतात, कारण त्या शेवटपर्यंत पाळल्या जातात. आपल्या बाजारांत मात्र अर्धी ही, अर्धी ती, असा प्रकार दिसतो. अंडें बिनधुतलें येतें, दुकानांत कोणी तें ओल्या फडक्यानें पुसतो, कोणी शीतकपाटांत ठेवून पुन्हा उन्हाळ्याच्या हवेंत काढतो. मग त्यास घाम सुटतो व लेप ओला होतो.

याहून मोठी उणीव निराळीच आहे. १९८२ सालीं राष्ट्रीय अंडी समन्वय समिति स्थापन झाली, तिचा अंड्यांचा भाव रोजच्या रोज जाहीर होतो. भाव सर्वांस ठाऊक, वय कोणासच ठाऊक नाहीं! युरोपांत अंड्याच्या कवचावरच उत्पादकाची खूण उमटवलेली असते, आणि वेष्टनावर अंडें घातल्यापासून २८ दिवसांपलीकडे न जाणारी मुदत लिहिलेली असते. प्रत्येक अंड्यावर शाई उमटवणें लहान पक्षिपालकास जड जाईल, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ट्रेमागें तारखेची एक चिठ्ठी घालावयास कितीसा खर्च येणार? व्यापारी निरनिराळे ट्रे एकत्र मिसळतात, असें यावर कोणी म्हणेल; तर तें मिसळणेंच थांबावें, एवढ्यासाठींच चिठ्ठी हवी.

आमच्या स्वयंपाकघरांत आतां मळकीं अंडीं कोरड्या फडक्यानें पुसून प्रथम वापरलीं जातात, आणि धुवावयाचेंच झालें तर उकडण्याच्या वा फोडण्याच्या ऐन वेळीं. ट्रेवर खडूनें तारीख घालण्याचें काम आठवीच्या मुलांनीं मागून घेतलें आहे. मात्र ती तारीख अंडीं दुकानांतून आणल्याची. घातल्याची तारीख दुकानदारास विचारली, तर तो हंसून ट्रे पुढें करतो.