कलेचे अनुदान आणि शाळा-तपासनीसाचा वारसा

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या ‘कला संस्कृती विकास योजने’खाली अनेक उपयोजना चालतात. त्यांतील गुरु-शिष्य परंपरेसाठीचे अनुदान, ज्याला जुने रंगकर्मी अजूनही ‘रेपर्टरी ग्रँट’ म्हणतात, हे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. गुरूला दरमहा १५ हजार रुपये, शिष्याला वयानुसार २ ते १० हजार रुपये आणि एका गुरूमागे जास्तीत जास्त १८ शिष्य, असे त्याचे स्वरूप आहे. दिल्लीच्या हिशेबात ही रक्कम क्षुल्लक ठरेल. परंतु कर्नाटकातील एखाद्या चामडी बाहुल्यांच्या मंडळीला किंवा मणिपूरमधील एखाद्या नाट्यसंस्थेला वर्षभरात खात्रीचे म्हणावे असे दुसरे उत्पन्न क्वचितच असते. त्यामुळे हे अनुदान कोणाला मिळाले, याइतकाच अर्ज करण्याच्या पायरीपर्यंत कोण पोहोचूच शकले नाही, हाही धोरणाचा प्रश्न आहे. त्याची चर्चा मात्र होत नाही.

ती पायरी किती उंच आहे, ते पाहू. मंडळी प्रथम १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किंवा न्यास म्हणून नोंदलेली हवी. नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावरचा क्रमांक हवा. सनदी लेखापालाने तपासलेले हिशेब, घटनापत्र, कार्यकारिणीची यादी, कार्यक्रमांची छायाचित्रे व कात्रणे हवीत. सर्व अर्ज ऑनलाइन. आणि पूर्वी अनुदान मिळाले असेल, तर त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याखेरीज पुढची रक्कम नाही. यातील प्रत्येक अट स्वतंत्रपणे पाहिली तर वाजवी वाटते. एकत्र केल्यावर त्यांतून जी चाळण तयार होते, ती मात्र कलेची नसते, कागदपत्रांची असते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या चाळणीचे कूळ ओळखीचे वाटते. ‘सहायक अनुदान’ ही कल्पना आपल्या प्रशासनात रुजली ती १८५४च्या वुडच्या खलित्यामुळे, आणि ती शाळांसाठी होती. खासगी शाळेने सरकारी तपासणी मान्य करावी, ठरलेल्या अटी पाळाव्यात आणि त्या बदल्यात मदत घ्यावी, असा तो व्यवहार. मुंबई इलाख्यात तर पुढे परीक्षेच्या निकालानुसार अनुदान देण्याची पद्धतही चालली. शाळेत मुले मोजता येतात, हजेरीपट तपासता येतो. स्वातंत्र्यानंतर राज्यसंस्थेने कलेचे पालकत्व पत्करले, तेव्हा हाताशी असलेले साधन हेच होते. संगीत नाटक अकादमी १९५३ मध्ये, साहित्य व ललित कला अकादमी १९५४ मध्ये सुरू झाल्या. सरकारने पैसा द्यावा, पण निवड कलावंत व जाणकारांनी करावी, ही त्यामागील भूमिका उदात्त होती. तथापि, पैशाबरोबर तपासनीसही आलाच. अकादम्यांच्या कारभाराचा आढावा घेण्यासाठी न्यायमूर्ती खोसला यांची समिती (अहवाल १९७२) आणि नंतर हक्सर समिती (अहवाल १९९०) नेमली गेली. स्वायत्तता कोठे संपते आणि उत्तरदायित्व कोठे सुरू होते, हा वाद तेव्हाही होता, आजही आहे. अकादमीच्या पायरीशी न पोहोचणाऱ्या मंडळींचा विचार त्या वादात कधीच केंद्रस्थानी नव्हता.

राजाश्रय अधिक उदार होता, असे म्हणण्याचा मोह मला होत नाही. संस्थानिकांची मर्जी फिरली की कलावंत उघड्यावर पडत. महाकवी वळ्ळत्तोळ यांनी १९३० मध्ये केरळ कलामंडलम् उभे केले, तेव्हा निधीसाठी त्यांना लॉटरी काढावी लागली होती आणि दशकभराने ती संस्था कोचीन सरकारकडे सोपवली गेली. त्याच संस्थेत १९६५ मध्ये कूडियाट्टमचा विभाग सुरू झाला. मंदिराच्या कूत्तंबलमपुरती मर्यादित राहिलेली ती संस्कृत नाट्यपरंपरा युनेस्कोने २००१ मध्ये मानवतेच्या मौखिक व अमूर्त वारशाची श्रेष्ठ कृती म्हणून गौरविली. सार्वजनिक पैशाने कला जगते, याचा याहून चांगला दाखला शोधण्याची गरज नाही. पण लक्षात घ्यावे की तेथे पैसा एका सलग, पगारी, वर्षानुवर्षे चालणाऱ्या संस्थेत गेला. कूडियाट्टमचा नट घडायला दशक लागते. अनुदानाचे चक्र मात्र ३१ मार्चला पूर्ण होते.

सेवेत असताना प्रशासनाचा प्रतिनिधी म्हणून मी एका निवड समितीच्या बैठकांना बसत असे. समितीतील कलावंत सचोटीचे होते, वेळ मात्र अपुरा होता. एका दिवसात अर्जांचे गठ्ठे संपवायचे असत. एकदा वेगवेगळ्या जिल्ह्यांतील काही अर्जांत ‘लुप्तप्राय वारशाचे संवर्धन व युवकांचे सक्षमीकरण’ हे वाक्य, विरामचिन्हांसह, तंतोतंत सारखे आढळले. चौकशी केली तेव्हा कळले की त्या भागात एक ‘सल्लागार’ ठरावीक टक्केवारीवर अर्ज भरून देतो. त्याच गठ्ठ्यात हाताने लिहिलेल्या पत्राची स्कॅन केलेली प्रत जोडलेला, बाहुलीकारांच्या एका कुटुंबाचा अर्ज होता. त्यांच्या बाहुल्यांची छायाचित्रे पाहून समितीतले दोघे खुर्चीत पुढे सरसावले. लेखापरीक्षणाचा एक जोडपत्र-तक्ता नव्हता, म्हणून तो अर्ज ‘त्रुटीयुक्त’ ठरला. सल्लागाराचे अर्ज त्रुटीमुक्त होते.

याचा अर्थ हिशेब मागू नयेत, असा नाही. कागदावरच्या संस्था असतात. एकच छायाचित्र दोन अर्जांत मी पाहिले आहे. १८ शिष्यांच्या नावाने येणारी रक्कम खरोखर शिष्यांच्या हाती पडते का, हे तपासलेच पाहिजे, आणि म्हणून ती थेट त्यांच्या बँक खात्यात जमा होणे मला योग्य वाटते. आक्षेप आहे तो सर्वांना एकच गज लावण्याला. २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि अनुदानावरचे व्याजही भारताच्या संचित निधीत भरावे लागते. महानगरातील नाट्यगृह बांधण्यासाठी ५० लाखांपर्यंत मदत घेणारी संस्था आणि पाच शिष्य शिकवणारा गुरू, दोघांनाही हाच नियम. पहिल्याकडे लेखापाल नोकरीला असतो. दुसऱ्याला तालुक्याच्या गावी जाऊन सनदी लेखापालाची फी भरावी लागते, आणि ती फी अनुदानातून खर्च दाखवता येईल की नाही, हे त्याला कोणी सांगत नाही.

मंजुरी वर्षाच्या उत्तरार्धात आली, तर शिष्यांना तोवर थोपवून धरण्यासाठी गुरू कर्ज काढतो. पैसा येतो तेव्हा काही शिष्य सुरतेच्या किंवा तिरुप्पूरच्या कापड कारखान्यांत गेलेले असतात. मग यादीतील नावे आणि प्रत्यक्ष हजर मुले यांत फरक पडतो. तपासणीत तो आढळतो, आणि तो गैरव्यवहार म्हणून नोंदला जातो.

सुधारणा फार मोठ्या नकोत. गुरु-शिष्य अनुदान एकदा मंजूर झाले की तीन वर्षांसाठी मंजूर समजावे आणि दरवर्षी केवळ प्रगतीची पडताळणी व्हावी. ठरावीक रकमेखालील अर्जांना लेखापालाच्या प्रमाणपत्राऐवजी बँकेचे विवरण आणि स्थळतपासणी पुरेशी मानावी. नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण एका ओळीत का होईना, पण अर्जदाराच्या भाषेत कळवावे. ‘शिफारस नाही’ हे कारण होत नाही. आणि त्रुटी कागदाची असेल, तर ती दुरुस्त करण्यास मुदत देण्याची तरतूद समितीच्या कार्यपद्धतीतच असावी.

नाटक व नाट्यप्रयोग हा विषय घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यसूचीत आहे, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. राज्यांची सांस्कृतिक संचालनालये आणि जिल्हा प्रशासन कलावंतांच्या अधिक जवळ आहेत. देशाची सात विभागीय सांस्कृतिक केंद्रेही आहेत. नागपूर हे त्यांतील दक्षिण-मध्य विभागाचे मुख्यालय. या केंद्रांचे काम आज मुख्यतः महोत्सव भरवण्याचे आहे. प्रत्येक केंद्रात अर्ज भरून देणारा, हिशेबाचा तक्ता समजावणारा, स्थानिक भाषा बोलणारा एक कर्मचारी बसवला, तर टक्केवारीवर चालणाऱ्या सल्लागाराचा धंदा त्या विभागात मंदावेल. त्या पदाचा खर्च एका महोत्सवाच्या मंडपापेक्षा अधिक होणार नाही, आणि त्यासाठी संसदेकडे जाण्याचीही गरज नाही.