हार्ट फेल्युअर: साध्या रक्ततपासणीतून धोका कसा कळतो?

काही महिन्यांपूर्वी चौसष्ट वर्षांच्या एका काकांना त्यांचा मुलगा माझ्याकडे घेऊन आला. काका हार्ट फेल्युअरचे जुने रुग्ण. पायांवर सूज होती, दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नव्हती. मुलाच्या हातात जाडजूड फाईल होती. तो म्हणाला, "डॉक्टर, इको पूर्वीसारखाच आहे. बाकी रक्ताचे रिपोर्ट साधेच आहेत."

ते 'साधे' रिपोर्ट मी टेबलावर शेजारी शेजारी मांडले. तीन महिने, तीन लॅब, तीन कागद. क्रिएटिनिन आधी १.१, मग १.४, मग १.९. सोडियम १३८, १३४, १३०. प्रत्येक कागद वेगळ्या डॉक्टरांनी पाहिला होता, पण तिन्ही एकत्र कोणीच पाहिले नव्हते. चौकशी केल्यावर कळले की गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी काका दोन महिने रोज घेत होते. गोळी बंद केली, पण त्यांना दाखल करावेच लागले. पाच दिवसांनी ते घरी गेले. दुसरा रिपोर्ट आला तेव्हाच कोणी पहिला शेजारी ठेवला असता, तर कदाचित ही वेळ आली नसती.

हा विषय आत्ता महत्त्वाचा का?

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी होते किंवा ते ताठर होते, आणि शरीरात पाणी साठू लागते. भारताच्या राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदणीत ५३ रुग्णालयांतील १०,८५१ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांचे सरासरी वय साठीच्या आसपास होते, आणि दाखल झाल्यापासून ९० दिवसांत १४.२ टक्के, म्हणजे साधारण सातांपैकी एक रुग्ण दगावला. ज्यांच्या हृदयाचे आकुंचन कमी झाले होते, त्यांच्यापैकी निम्म्याहून कमी रुग्णांना शिफारस केलेली सर्व औषधे मिळत होती.

म्हणून घरी सोडल्यानंतरचे पहिले तीन महिने सर्वांत नाजूक असतात. या काळात कोणाकडे जास्त लक्ष द्यायला हवे, हे ओळखण्याचे एक स्वस्त साधन तुमच्या फाईलमध्ये आधीच असते.

हृदयाचा आजार रक्तात कसा दिसतो?

एनटी-प्रोबीएनपी ही तपासणी थेट हृदयावरचा ताण सांगते. ती उपयुक्त आहे, पण महाग आहे आणि सगळीकडे होत नाही. साध्या तपासण्या वेगळी गोष्ट सांगतात. हृदयाच्या कमजोरीचा इतर अवयवांवर किती परिणाम झाला आहे, हे त्यांतून कळते.

• क्रिएटिनिन आणि युरिया: मूत्रपिंडाला रक्त कमी पोहोचले की हे वाढतात. अमेरिकेतील 'अधेअर' नोंदणीचे विश्लेषण २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दाखल होतानाचे फक्त तीन आकडे वापरले होते: रक्तातील युरिया नायट्रोजन, वरचे ब्लडप्रेशर आणि क्रिएटिनिन. युरिया नायट्रोजन आणि ब्लडप्रेशर दोन्ही चांगले असलेल्या गटात रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण सुमारे २ टक्के होते, तर तिन्ही बिघडलेल्या गटात सुमारे २२ टक्के. एक खबरदारी: आपल्याकडे बहुतेक लॅब 'युरिया' लिहितात, तर काही 'बीयूएन'. बीयूएन ४३ म्हणजे युरिया सुमारे ९२. दोन लॅबचे रिपोर्ट ताडून पाहताना हा फरक लक्षात घ्या.

• सोडियम: हे साधारण १३५ ते १४५ असते. हार्ट फेल्युअरमध्ये ते घटते, ते बहुधा मीठ कमी खाल्ल्यामुळे नव्हे. शरीर पाणी धरून ठेवते आणि रक्त पातळ होते. म्हणून सोडियम कमी आले की घरच्या घरी मीठ वाढवू नका. त्याने सूज वाढेल.

• हिमोग्लोबिन आणि आरडीडब्ल्यू: सीबीसीच्या रिपोर्टमध्ये आरडीडब्ल्यू नावाची एक ओळ असते, जिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. लाल पेशींच्या आकारात किती तफावत आहे, हे ती सांगते. 'चार्म' या मोठ्या औषधचाचणीतील रुग्णांच्या २००७ च्या विश्लेषणात हा आकडा पुढच्या धोक्याचा ठळक निदर्शक ठरला. शरीरातील दाह आणि लोहाची कमतरता ही त्यामागची संभाव्य कारणे आहेत. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोह कमी असू शकते. त्यासाठी फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन तपासावे लागते. कमतरता निघाली, तर हार्ट फेल्युअरमध्ये गोळ्यांपेक्षा शिरेतून दिलेल्या लोहाचा उपयोग होतो.

• पोटॅशियम: हा आकडा धोका दाखवतो आणि स्वतःही धोका ठरतो. तो फार वाढला किंवा फार घटला तर हृदयाची लय बिघडू शकते. बऱ्याचदा आधी काही लक्षणही जाणवत नाही.

आकडे जोडून गुण काढता येतात का?

येतात. अमेरिकेच्या युटा राज्यातील इंटरमाउंटन या रुग्णालयसमूहातील संशोधकांनी २००९ मध्ये सीबीसी, मूत्रपिंड व क्षारांची नेहमीची तपासणी, वय आणि लिंग एवढ्यावरून धोक्याचे गुण काढण्याची पद्धत मांडली. २००६ चे 'सिएटल मॉडेल' सोडियम, हिमोग्लोबिन, युरिक ॲसिड आणि कोलेस्टेरॉलसारख्या आकड्यांना रुग्णाच्या लक्षणांची व औषधांची जोड देते.

आता असे कॅल्क्युलेटर मोबाईलवर आले आहेत. रुग्णांची मुले रात्री बसून आकडे भरतात आणि सकाळी घाबरून फोन करतात. त्यांना मी दोन गोष्टी सांगतो. पहिली, 'वीस टक्के धोका' हे शंभर सारख्या रुग्णांबद्दलचे विधान आहे. तुमचे वडील वीसांत आहेत की ऐंशींत, हे त्यातून कळत नाही. दुसरी, ही गणिते मुख्यतः पाश्चात्त्य रुग्णांवर बेतलेली आहेत. 'अधेअर'मधील रुग्णांचे सरासरी वय सत्तरीच्या पुढे होते, तर आपले रुग्ण त्यांच्याहून सुमारे दहा वर्षांनी तरुण.

मग धोका ओळखून उपयोग काय? तो ओळखल्यावर कोणी काही केले, तरच उपयोग. 'स्ट्राँग-एचएफ' ही चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात रुग्णालयातून सोडल्यानंतर एका गटाला पहिल्या सहा आठवड्यांत वारंवार बोलावले, तपासले, रक्त पाहिले आणि औषधांचे डोस झपाट्याने वाढवले. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण या गटात १५.२ टक्के होते, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्या गटात २३.३ टक्के.

तपासणी चुकली तर?

१९९९ मध्ये स्पायरोनोलॅक्टोन हे औषध गंभीर हार्ट फेल्युअरमध्ये जीव वाचवते, असे सिद्ध झाले. डॉक्टर ते भराभर लिहू लागले. पण कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, संबंधित औषधे घेणाऱ्या वृद्ध हार्ट फेल्युअर रुग्णांत, पोटॅशियम वाढून दाखल होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होते, ते २००१ मध्ये हजारी ११ झाले. औषध चांगलेच आहे. पण त्याच्याबरोबर पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची तपासणी ही औषधाइतकीच गरजेची आहे. औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर साधारण एक ते दोन आठवड्यांत ती करतात.

इथेच 'लो सोडियम' मिठाचाही प्रश्न येतो. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये सर्वसाधारण प्रौढांसाठी अशा मिठाची शिफारस केली, पण मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना किंवा ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही अशांना त्यातून वगळले. हार्ट फेल्युअरचे अनेक रुग्ण याच गटात मोडतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ आणू नका. रोज शहाळ्याचे पाणी प्यायची सवय असेल, तर तीही सांगा.

तुम्ही काय करायचे?

१. एका वहीत तारीख, क्रिएटिनिन, युरिया, सोडियम, पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि वजन यांचा तक्ता करा. प्रत्येक भेटीत तो दाखवा. एका आकड्यापेक्षा त्याची दिशा जास्त सांगते.

२. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत.

३. पोटॅशियम अचानक जास्त आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रक्त काढताना किंवा लॅबपर्यंत नेताना पेशी फुटल्या तरी आकडा खोटा वाढतो. पण तो खोटा आहे की खरा, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

४. क्रिएटिनिन थोडे वाढले म्हणून हृदयाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. काही औषधांनी सुरुवातीला ते वाढणे अपेक्षित असते. सोसवेल इतकी वाढ कोणती, ते डॉक्टर पाहतात.

५. वेदनाशामक गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका.

६. तीन दिवसांत वजन दोन किलोहून जास्त वाढले, दम वाढला, लघवी कमी झाली, चक्कर आली किंवा खूप अशक्तपणा जाणवला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

ते काका आता दर भेटीला वही आणतात. तक्ता त्यांची सून भरते. गेल्या वेळी क्रिएटिनिन १.३ होते. काही बोलायच्या आधी त्यांनी वही पुढे केली आणि त्या आकड्यावर बोट ठेवले.