तेरणेचा हिशेब तेरखेड्यापासून मांडा

सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गाने येरमाळा मागे टाकून बीडच्या दिशेने निघाले की तेरखेडा लागते. वाशी तालुक्यातले हे गाव ओळखले जाते ते फटाक्यांसाठी. दिवाळी किंवा गावजत्रा जवळ आली की शोभेच्या दारूसाठी लांबलांबचे गिऱ्हाईक इथे येते. पण या गावाची त्याहून जुनी ओळख जमिनीच्या उतारात आहे. तेरणा नदी याच परिसरात, बालाघाटाच्या माथ्यावर उगम पावते. तिथून आग्नेयेकडे उतरत तेर, माकणी असे टप्पे घेत लातूर जिल्ह्यात शिरते आणि कर्नाटकच्या सीमेलगत मांजरेला मिळते. धाराशिव जिल्ह्याचा इतिहास आणि भूगोल समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात तालुक्याच्या शिवेपासून न करता या उतारापासून करायला हवी. पाण्याचे नियोजनही तालुक्या-तालुक्यांत वाटून न घेता तेरणेचे अख्खे खोरे एक धरून, उगमापासून मांडायला हवे. जिल्ह्याचा इतिहास आणि तिथली जमीन, दोघांचीही साक्ष याच बाजूने आहे.

सरकारी सीमा किती अल्पजीवी असतात, हे या जिल्ह्याने पुरेपूर अनुभवले आहे. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दोआबाबरोबर नळदुर्गचा मुलूखही ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. पुढची काही वर्षे मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी नळदुर्गात बसून इथला कारभार पाहत होता. 1860 मध्ये हा मुलूख निजामाकडे परत आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिवला हलले आणि सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून जिल्हा उस्मानाबाद झाला. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. 1982 मध्ये लातूर वेगळे निघाले, वाशी हा स्वतंत्र तालुका तर त्यानंतरचा, आणि 2023 मध्ये जिल्ह्याला धाराशिव हे नाव अधिकृतपणे परत मिळाले. एवढ्या काळात राज्यकर्ते बदलले, ठाणी बदलली, दप्तरे एका कचेरीतून दुसरीत गेली. तेरणेचे पाणी मात्र ज्या वाटेने वाहत होते त्याच वाटेने वाहत राहिले. 1982 च्या विभाजनात नदीचा वरचा भाग एका जिल्ह्यात राहिला आणि खालचा दुसऱ्या जिल्ह्यात गेला. प्रशासनाच्या सोयीसाठी ते गरजेचे असेलही. पण त्या दिवसापासून एका नदीचे दोन हिशेब सुरू झाले.

आता जमिनीकडे पाहू. बालाघाटाची रांग बीडकडून या जिल्ह्यात उतरते आणि गोदावरी व भीमा या दोन खोऱ्यांचा पाणलोट वेगळा करते. माथ्याच्या एका अंगाला पडलेला पाऊस तेरणा-मांजरेतून गोदावरीला जातो. भूम-परंड्याच्या बाजूला पडलेला सीनेतून भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळतो. म्हणजे तेरखेड्याच्या आसपासचा हा माथा दोन महानद्यांमधला दुभाजक आहे, आणि दुभाजकावरच्या गावाला वरून येणारे पाणी नसते. जे आभाळातून पडेल तेवढेच त्याचे. त्यातही खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम आणि त्यावर मातीचा पातळ थर. असा खडक पाणी धरतो तो भेगांत आणि मुरमाच्या थरात; त्यामुळे दिवाळीपर्यंत तुडुंब दिसणारी विहीर होळीला तळ दाखवते. पावसाची ही तूट या मुलखाच्या मातीतच लिहिलेली आहे. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेत, चैत्री पौर्णिमेच्या सोहळ्यात, भाविक चुन्याच्या रानात वाकून चुनखडीचे खडे वेचतात आणि त्या चुन्याने मंदिराला रंग दिला जातो. पाऊस कमी आणि ऊन जास्त असले, की पाण्यात विरघळलेला चुना पुरता वाहून जात नाही. पाणी उडून जाते आणि चुना खड्यांच्या रूपाने मातीत उरतो. हजारो हात दरवर्षी जो खडा उचलतात, तो या प्रदेशाच्या हवामानाचा पुरावा आहे. भूगोल इथे श्रद्धेचा भाग झाला आहे; तो नियोजनाचा भाग का होऊ नये?

याच नदीकाठाने कधीकाळी काय उभे केले होते, याचा दाखला तेर देते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगर नावाच्या बाजारपेठेचा उल्लेख आहे. पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचे हे मोठे नगर, आणि तिथून गाड्यांवर लादून कापड भडोच बंदराकडे जात असे. ते तगर म्हणजेच आजचे तेर, असे अभ्यासक मानतात. सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती, मणी, हस्तिदंती काम आणि रोमशी व्यापार असल्याच्या खुणा इथे सापडल्या. त्यातल्या कितीतरी वस्तू तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळतात. त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर तर मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, इतकी त्याची गजपृष्ठाकार बांधणी जुनी आहे. पुढे हेच गाव संत गोरोबाकाकांचे झाले. व्यापार, बौद्ध विहार, वैष्णव मंदिर, कुंभाराचा आवा हे सगळे एका जागी शतकानुशतके टिकले, त्याला नदीची साथ होती. आणि त्या नदीला पाणी पुरवणारा माथा वर, आज वाशी तालुक्यात मोडणाऱ्या पठारावर होता. तेरचा इतिहास तेरच्या गावठाणात संपत नाही. त्याचे एक टोक तेरखेड्याच्या माळावर आहे.

आजच्या घडीला मात्र आपण या नदीकडे तुकड्यातुकड्यांनी पाहतो. तेरजवळ तेरणा प्रकल्प, खाली माकणीला निम्न तेरणा प्रकल्प, मध्ये ढोकीचा साखर कारखाना आणि त्याच्या भरवशावर वाढलेला ऊस. प्रत्येकाचा हिशेब वेगळा. धरणात किती टक्के साठा आहे हे रोज छापून येते. त्या धरणाच्या डोक्यावरच्या माळाची माती किती वाहून गेली, याची नोंद कुठेच दिसत नाही. मग टंचाई आली की पाणी दुसऱ्या खोऱ्यातून आणावे लागते. धाराशिव शहरासाठी भीमेवरच्या उजनीतून जलवाहिनी टाकली गेली. एप्रिल 2016 मध्ये मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने, म्हणजे कृष्णेचे, पाणी पोहोचवावे लागले. पहिल्या गाडीने 5 लाख लिटर आणले. कृष्णा-मराठवाडा प्रकल्पाची मूळ अपेक्षा 23.66 टीएमसीची होती. काम हाती घेतले गेले ते 7 टीएमसीचे, आणि तेही कित्येक वर्षे रेंगाळले. या हक्काच्या पाण्यासाठी भांडलेच पाहिजे. पण बाहेरून येणाऱ्या पाण्याची वाट पाहताना स्वतःच्या माथ्यावर पडणारे पाणी मोजायचेही सोडून द्यावे, हे समर्थनीय नाही.

यावर पहिला आक्षेप प्रशासनाचा. निधी जिल्हा नियोजन समितीतून येतो, मते मतदारसंघात पडतात, तहसीलदार तालुक्याचा असतो. खोऱ्याला ना आमदार ना कचेरी, मग खोऱ्याच्या नावाने जाब कोण देणार? आक्षेप रास्त आहे, आणि तालुके मोडावेत असे कुणी म्हणतही नाही. वाशी तालुका झाल्यामुळे लोकांची पायपीट वाचली, ते मोल मोठेच आहे. पण खोरे हे एकक कायद्याला नवे नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम 2005 मध्ये आला. पाण्याचे आराखडे नदीखोरेनिहाय व्हावेत, हीच त्यामागची दिशा. महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 मध्ये पाणलोट क्षेत्राच्या समित्यांची तरतूद आहे. जे कायद्यात आहे ते तेरणेच्या काठावर उतरवायचे, एवढीच मागणी आहे. दोन जिल्हाधिकाऱ्यांनी एका टेबलावर एक ताळेबंद मांडायला घटनादुरुस्ती लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. वरच्यांनी पाणी अडवले तर खालच्यांनी काय करायचे? तेरखेड्याच्या माळावर बंधारे झाले तर माकणीचे धरण भरणार कसे? हाच आक्षेप माझ्या म्हणण्याचा सर्वांत मोठा आधार आहे. गाव हे एकक धरून केलेल्या कामात या प्रश्नाला उत्तरच नसते. डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार योजनेवर झालेल्या टीकेचा रोख इथेच होता: अनेक ठिकाणी माथ्यावरची कामे मागे राहिली आणि नाल्यांचे खोलीकरण पुढे गेले. 2020 च्या अहवालात 'कॅग'नेही भूजलपातळीबाबतच्या दाव्यांवर प्रश्न उपस्थित केले. 'माथा ते पायथा' हे पाणलोट विकासाचे सूत्र आहे, आणि त्यात माथ्याइतकाच पायथ्याचाही विचार आहे. वर माती धरायची, पाणी मुरवायचे, पण साठवणुकीला मोजलेली मर्यादा ठेवायची. खाली धरणाच्या लाभक्षेत्रात बारमाही उसाला तशीच मोजलेली मर्यादा घालायची. वरच्याने अडवू नये आणि खालच्याने वाटेल ते पिकवावे, हा न्याय नव्हे. दोघांना बांधणारा हिशेब खोऱ्याच्या पातळीवरच होऊ शकतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. तेरखेड्याने पाण्याशिवाय जगण्याची वाट शोधली आहेच. फटाके आहेत, महामार्ग आहे, शेजारच्या भूम-कुंथलगिरी पट्ट्यात खव्याच्या भट्ट्या आहेत. मग नदीचे काय एवढे? कोरडवाहू मुलखातल्या माणसांनी उभे केलेले हे उद्योग कौतुकास्पदच आहेत. तमिळनाडूतले शिवकाशीही अशाच कोरड्या हवेत आणि शेतीच्या ओढगस्तीतून फटाक्यांकडे वळले. पण या धंद्याला मर्यादा आहेत. फटाक्याच्या कामात दारू भरणाऱ्या मजुराचा जीव टांगणीला असतो आणि या गावाने स्फोटांची किंमत मोजलेली आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरित फटाक्यांचा आग्रह धरत बेरियमच्या क्षारांना मनाई केल्यापासून छोट्या उत्पादकाची वाट आणखी अवघड झाली. खव्यालाही जनावर लागते, जनावराला चारा आणि चाऱ्याला पाणी. ज्यांना यातले काहीच जमत नाही, ती कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. एकीकडे हक्काचे पाणी आणि दुसरीकडे दारूच्या कोठीतली किंवा उसाच्या फडातली मजुरी, यांतून निवड करता आली तर ती निवड. आज बहुतेकांना निवडच नाही.

म्हणून तीन गोष्टी आजच्या आज सुरू करता येतील. धाराशिव आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांनी मिळून तेरणेचा उगमापासून संगमापर्यंत एक वार्षिक पाणी-ताळेबंद प्रसिद्ध करावा आणि तो ग्रामसभांत वाचला जावा. तेरखेडा-वाशी पठारावरची माती आणि पाणी धरण्याची कामे खोऱ्याच्या खर्चाने व्हावीत, कारण त्यांचा लाभ खालच्या धरणांनाही होतो. धरणात साचणारा गाळ उपसण्यापेक्षा माळावरची माती धरणे केव्हाही स्वस्त. आणि तेर ते तेरखेडा हा पट्टा शाळांतून स्थानिक इतिहास-भूगोल म्हणून शिकवला जावा, म्हणजे रोमशी व्यापार करणाऱ्या नगराचा वारसा आणि आपल्या आटलेल्या विहिरीचा प्रश्न एकाच नदीला बांधलेले आहेत, हे मुलांना कळेल. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यात 16 लाख 57 हजार माणसे होती, आणि 2018 मध्ये देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचे नाव आले. जिल्ह्याला त्याचे जुने नाव परत मिळाले आहे. आता नदीला तिचे खोरे परत द्यावे, आणि पहिला ताळेबंद येत्या पावसाळ्याआधी तेरखेड्याच्या ग्रामसभेसमोर ठेवावा.