शब्द शाबूत, मग चुकतं कुठं?



‘पोटात कावळे ओरडतायत’ असं कुणी म्हणालं, की तुम्ही ताट वाढता. कावळे शोधायला कुणी उठत नाही! शब्दांचा अर्थ एक, बोलण्यातला अर्थ दुसरा. तो मेंदूला कसा कळतो?

मेंदूचे दोन भाग असतात. गंमत म्हणजे डावा भाग उजवे हातपाय हलवतो आणि उजवा भाग डावे. शब्द, व्याकरण यांचं मुख्य ठाणं बहुतेकांच्या डाव्या भागात असतं. म्हणून तिथला रक्तपुरवठा तुटला, की उजवं अंग लुळं पडतं आणि बरेचदा वाचाही जाते.

आणि उजव्या भागाला झटका आला तर? शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांचंच बघा. १८६८ साली, वयाच्या ४५व्या वर्षी, त्यांची डावी बाजू लुळी पडली. पण शब्द शाबूत! काही दिवसांतच त्यांनी अंथरुणावरून रेशीमकिड्यांच्या रोगावरचं टिपण तोंडी सांगून लिहवून घेतलं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची त्यांची लस तर त्यानंतरची, १८८५ची.

सगळ्यांचं इतकं बरं होत नाही. आपल्या हिंगोली जिल्ह्यात, नरसी नामदेवच्या आसपास, अभंग तोंडपाठ असलेले कितीतरी आजोबा आहेत. अशा आजोबांना उजव्या मेंदूचा लकवा झाला, तर अभंग कदाचित घडाघडा येतील. पण विनोद कळणार नाही. टोमणा खरा वाटेल. गोष्ट सांगताना धागा सुटेल, आवाज सपाट होईल. ताटात डावीकडं वाढलेली भाकरी दिसणारच नाही! घरचे म्हणतात, ‘चांगलं बोलतंय की, म्हातारं मुद्दाम करतंय.’ नाही रे बाबांनो! तोही आजारच आहे.

मग तुम्ही काय कराल? आजोबांशी सरळ शब्दांत बोला. एका वेळी एकच गोष्ट सांगा. ताट हळूच फिरवून द्या. हसू मात्र नका.

आणि हे पाठच करा: अचानक तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली, तर मंत्र-मालिशीत वेळ घालवायचा नाही. लगेच १०८ला फोन! रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ते कुणाला द्यायचं, हे डॉक्टर तपासून ठरवतात.

आता गृहपाठ. ‘मोठा शहाणा आहेस!’ हे एकदा कौतुकानं म्हणा, एकदा रागानं. शब्द तेच, मग बदललं काय? घरी विचारा बरं!

तुमच्या बाई