पाहुण्यांचा अभ्यास झाला, यजमानाचा कधी?

बारावीचा निकाल लागला की "पुढे काय?" हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. इंजिनिअरिंग म्हटलं की समोरच्याची मान डोलते. फार्मसी म्हटलं तरी डोलते. 'हॉस्पिटॅलिटी अँड टुरिझम' म्हटलं की मात्र आधी थोडी शांतता, आणि मग: "म्हणजे हॉटेलात? म्हणजे शेवटी ताटंच उचलायची ना?"

आमच्या वर्गातली बहुतेक मुलं यावर घाईघाईने सांगतात, "नाही हो, मॅनेजमेंट असतं ते." मला हे उत्तर पटत नाही. ताटं उचलावी लागतात. ती नीट उचलायला शिकावंही लागतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. गोव्यात राहून हा विषय शिकताना आम्हांला पाहुण्याबद्दल सगळं शिकवलं जातं, यजमानाबद्दल जवळजवळ काहीच नाही. आणि इथे यजमान म्हणजे आपणच की!

आधी आम्ही काय शिकतो ते सांगते, कारण साहित्य मंडळातल्या मित्रमैत्रिणींचा समज असा आहे की आम्ही तीन वर्षं नॅपकिनचे मोर करतो. (मोर करतो, खोटं कशाला बोलू.) चार मुख्य खाती असतात: स्वयंपाकघर, वाढप, फ्रंट ऑफिस आणि हाऊसकीपिंग. त्याच्या जोडीला हिशेब, कायदा, मार्केटिंग. उदाहरणार्थ, हॉटेलवाल्यांचा लाडका आकडा म्हणजे 'रेव्हपार', उपलब्ध खोलीमागचं उत्पन्न. १०० खोल्यांपैकी ६० भरल्या आणि सरासरी भाडं ५,००० रुपये मिळालं, तर रेव्हपार ३,०००. रिकाम्या ४० खोल्याही त्या भागाकारात येतात, म्हणून भाडं थोडं उतरवून खोल्या भरायच्या की चढं ठेवून वाट बघायची, हे रोज ठरवावं लागतं. डोकं लागतं याला. पण त्याच १०० खोल्यांना दिवसाला किती पाणी लागतं, ते कुठल्या विहिरीतून उपसलं जातं, आणि टँकर गेल्यावर शेजारच्या वाड्यावरच्या विहिरीचं काय होतं, हा हिशेब मी अजून एकाही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही.

पुस्तकात काहीच नाही असंही नाही. टुरिझमच्या पेपरात डॉक्सी नावाचा अभ्यासक येतो. बार्बाडोस आणि कॅनडातलं नायगारा-ऑन-द-लेक ही ठिकाणं बघून त्याने १९७५ साली मांडलं की पर्यटनाबद्दल गावाचं मन चार पायऱ्यांनी बदलत जातं. आधी उत्साह, मग उदासीनता, मग वैताग, आणि शेवटी उघड वैर. दुसरा बटलर, १९८० चा. तो सांगतो की पर्यटनस्थळालाही आयुष्य असतं: शोध लागतो, वाढ होते, एक दिवस ते साचतं, आणि मग एकतर सावरतं नाहीतर घसरतं. आम्ही हे दोन्ही दहा मार्कांसाठी पाठ करतो. उत्तरात उदाहरण लिहितो बार्बाडोसचं! कॉलेजच्या दारात बस पकडून कळंगुटला उतरलं आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं, तर चारही पायऱ्या तो एका दमात सांगेल. पहिला परदेशी पाहुणा घरच्या खोलीत ठेवला तेव्हाच्या अप्रूपापासून आज गेटसमोर आडव्या लावलेल्या रेंट-अ-कारपर्यंत.

सरकारी आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये गोव्यात एक कोटीहून जास्त पर्यटक आले. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. म्हणजे माणशी सहा-सात पाहुणे! घरात इतके पाहुणे आले तर कोणती आई नुसतं हसून "वेलकम" म्हणेल? ती आधी बघेल की तांदूळ किती आहेत, पाणी किती आहे, आणि कोणाला माडीवर झोपवायचं.

याच आकड्यांत दुसरी एक गोष्ट आहे. त्या एक कोटीत परदेशी पाच लाखांच्याही आत आहेत. बाकीचे सगळे आपलेच देशवासी, आणि त्यांत कोल्हापूर, सांगली, पुणे, बेळगावकडची मंडळी किती असतात ते जुने गोवे किंवा मंगेशीच्या पार्किंगमध्ये उभं राहिलं की गाड्यांच्या नंबरांवरून कळतं. तरी आमच्या अभ्यासक्रमातला 'गेस्ट' अजून चार्टर विमानातूनच उतरतो. त्याच्यासाठी आम्ही फ्रेंचमधले शब्द घोकतो. कोकणी-मराठीतून पाहुण्याशी कसं बोलावं, गाव कसं सांगावं, याला एक तासही नाही.

मागच्या वर्षी एका मोठ्या रिसॉर्टमध्ये माझं ट्रेनिंग झालं. हाऊसकीपिंगला होते. सांगलीकडचं एक वयस्कर जोडपं होतं. त्यांना समुद्र बघायचा नव्हताच, कवळ्याला शांतादुर्गेला जायचं होतं. कुलदेवता. मी त्यांना मराठीत बस कुठली, देवळात वेळा काय, अग्रशाळेत जेवणाची चौकशी कशी करायची ते सांगितलं. आजी इतक्या खूश झाल्या की माझं गावच विचारायला लागल्या. सुपरवायझरने नंतर बाजूला घेऊन सुनावलं: "गेस्टसमोर ओन्ली इंग्लिश." त्या आजींना इंग्रजी येत नव्हतं. मग नियम नेमका कोणाच्या सोयीचा?

अग्रशाळा हा शब्द आला म्हणून सांगते. देवळाच्या आवाराला लागून असलेल्या त्या साध्या खोल्यांत दूरदूरचे कुळावी पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेत. महाजनांनी व्यवस्था बघायची, आलेल्याने शिस्त पाळायची. पाहुण्यावरही बंधन असतं, ही कल्पना आमच्या पुस्तकात कुठेच नाही. तिथे पाहुणा नेहमीच बरोबर.

दुसरं उदाहरण आपल्या ख्रिस्ती मित्रांच्या घरातलं. कोणाचे ना कोणाचे आजोबा तारवटी असतातच. बोटीवर स्टुअर्ड, कुक, बेकर. बोट मिळेपर्यंत ही माणसं मुंबईत धोबीतलावच्या बाजूला आपापल्या गावाच्या कुडीत राहायची. एका गावाची एक कूड, एक ट्रंक ठेवण्यापुरती जागा, संध्याकाळी सगळ्यांचं मिळून तेर्स. ना डिग्री, ना सर्टिफिकेट, पण जगभरच्या बोटींवर पाहुणचार करणारी ही माणसं परक्या गावात एकमेकांचेही यजमान होती. आपल्या कॉलेजात त्यांची नातवंडं हॉस्पिटॅलिटी शिकतात आणि कूड हा शब्द त्यांच्या अभ्यासात येत नाही, हे मला फार विचित्र वाटतं.

आता ट्रेनिंगबद्दल थोडं, कारण यावर कोणी लिहीत नाही. कागदावर ते शिक्षणाचा भाग आहे. प्रत्यक्षात डिसेंबरच्या सीझनमध्ये ट्रेनी म्हणजे कमी पैशातला कामगार. दुसऱ्या आठवड्यापासून मला पुऱ्या शिफ्टच्या खोल्या दिल्या, चौदा-पंधरा. चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशात दुमडणं, आरशावर डाग न ठेवणं, हे मला शिकवलं ते कोणा ट्रेनिंग मॅनेजरने नव्हे, ओडिशाहून आलेल्या एका ताईने, स्वतःच्या खोल्या सांभाळून. फ्रंट ऑफिस बघायला मिळालं शेवटचे चार दिवस. स्टायपेंड पेडण्याहून जाण्यायेण्यात संपला. माझ्याबरोबरच्या दोघी ट्रेनिंगनंतर म्हणाल्या, "या लायनीत नको गं." त्या कामाला घाबरल्या नव्हत्या. आपण शिकायला आलोय हे तिथे कोणाच्या गावीच नव्हतं, त्याला कंटाळल्या.

आणि हसणं? आर्ली हॉखशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली 'द मॅनेज्ड हार्ट' लिहिलं. विमानातल्या एअर होस्टेसचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं की चेहऱ्यावर हसू ठेवणं हेही श्रमच आहेत, पगारात विकत घेतलेले. हे ट्रेनिंगला जाण्याआधी वाचायला मिळालं असतं, तर संध्याकाळी हात-पाय दुखण्यापेक्षा गाल का दुखतात ते मला कळलं असतं.

माझी एक मैत्रीण म्हणते, "तुझं सगळं खरं, पण इंडस्ट्रीला हात पाहिजेत, विचार नको. आधी नोकरी लागू दे." तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. नोकरी मलाही हवीच आहे, घरी धाकटा भाऊ शिकतोय. पण नुसते हातच हवेत तर मालकाला गोव्यातल्या मुलीचे का हवेत? हात कुठूनही येतात, आणि येतातच. मग आपण "भायले आले" म्हणून कुरकुरतो, आणि स्वतःच्या मुलांना म्हणतो, "हॉटेलात जाऊ नकोस, लोक काय म्हणतील." हे दोन्ही एकाच तोंडाने कसं चालतं? गोव्यातल्या मुलाकडे जे आहे आणि बाहेरून आलेल्याकडे नाही, ते म्हणजे गावाची माहिती आणि गावाची भाषा. अभ्यासक्रम नेमकं तेच बाहेर ठेवतो.

त्याची किंमत बघायची तर जुन्या गोव्यात जा. महाराष्ट्रातून आलेली बस थांबते, गाईड म्हणतो, "आत बॉडी आहे, बघा, फोटो काढा, वीस मिनिटांत परत." बस्स. १९८२ च्या कायद्याखाली गाईडची नोंदणी लागते, पण सांगण्याचा कस कोण बघतो? बॉम जेझूची ही इमारत १६०५ साली पूर्ण झाली. ती पांढरी का नाही, हा प्रश्न दहातले पाच जण विचारतात. उत्तर आहे: तिच्यावर पूर्वी गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढला, आणि आता उघडा जांभा दर पावसाळ्यात झिजतोय. थोडं पुढे सेंट पॉल कॉलेजची नुसती कमान उरलीय. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये याच कॉलेजात सुरू झाला. आणि रायतूरला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. एका इंग्रज जेझुइटाने मराठीत लिहिलेलं पुराण! मराठी माणसांनी भरलेली बस जुन्या गोव्यात येते आणि यातलं एक अक्षर न ऐकता बागाला निघून जाते. गाईडला दोष देऊन उपयोग नाही. त्याला हे सांगायला कोणी शिकवलं?

म्हणून माझं म्हणणं दोन्ही बाजूंना आहे. आमच्या विभागाने ट्रेनिंगला पाठवताना हॉटेलकडून लेखी घ्यावं की चारही खात्यांत किती दिवस, रोज किती तास, शिकवणार कोण. आणि डॉक्सीच्या उत्तरात बार्बाडोसऐवजी मोरजी-मांद्रे लिहिणाऱ्याचे मार्क कापू नयेत. विमानतळ आमच्या तालुक्यात आलाय, पुढची हॉटेलं आमच्याच डोंगराखाली होणार आहेत. तिथल्या ग्रामसभेत उभं राहून आकडे मांडणारं कोणीतरी आमच्यातलं हवं.

साहित्य मंडळाकडे मात्र थेट मागणं आहे. आपण वर्षातून दोनदा काव्यवाचन करतो, ते चालू दे. पण ३ डिसेंबरच्या फेस्ताला बेळगाव, खानापूर, सावंतवाडीहून माणसं चालत जुन्या गोव्याला येतात. त्यांच्यासाठी सेंट पॉलच्या कमानीपासून बॉम जेझूपर्यंतचा अर्ध्या तासाचा फेरफटका मराठीत लिहून काढूया. इतिहासवाल्यांनी तारखा तपासाव्यात, मराठीवाल्यांनी भाषा बघावी, आणि बोलून दाखवायचं काम आम्ही टुरिझमवाले करू. माझा पहिला खर्डा साडेचार पानांचा झालाय आणि तो ऐकून मैत्रिणीने जांभई दिली, तेव्हा कापाकापीला माणसं लागतील. गुरुवारी शेवटच्या तासानंतर मी वाचनालयाच्या मागच्या टेबलावर असते.