कुलवृत्तान्त आणि कागदांचा ठावठिकाणा

अलीकडे प्रसिद्ध होणाऱ्या कुलवृत्तान्तांच्या प्रस्तावनांत ‘जुन्या कागदपत्रांच्या आधारें’ हे शब्द हटकून आढळतात. कोणते कागद? ते कोणाच्या घरीं, कोणत्या दप्तरखान्यांत आहेत? संपादकांनीं मूळ मोडी स्वतः वाचली, कीं कोणीं नक्कल करून दिली? याविषयीं अवाक्षर नसतें. वंशवृक्ष मात्र पंधरा पिढ्यांचा!

‘आधार : पेशवे दप्तर’ एवढ्यावर ज्यांचें समाधान होतें त्यांस आम्ही विचारतों, कोणतें पेशवे दप्तर? रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या अवधींत संपादिलेले ४५ छापील खंड, कीं पुण्याच्या पुराभिलेखागारांतील हजारों रुमाल? पहिल्यांचा खंड व लेखांक आणि दुसऱ्यांचा रुमाल-क्रमांक दिल्यावांचून शोधणाऱ्यानें जावें कोठें? तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची गोष्ट याहून बिकट. ‘नाशिकच्या वहींत नोंद आहे’ म्हणजे कोठें आहे? उपाध्यायांचीं घरें अनेक; भावाभावांच्या वांटण्यांत यजमानांबरोबर वह्याही विभागल्या जातात. कोणत्या घरीं, कोणत्या वहींत, कोणत्या पानावर नोंद पाहिली, हें लिहिण्यास दोन ओळी पुरतात.

तारखांचा घोळ तर विचारूंच नये. मूळ कागदावरील सुहूर सन गाळून संपादक नुसतें इसवी वर्ष छापतात. सुहूर सन मृगापासून सुरू होतो. म्हणून ११६१ सालचा श्रावणांतला कागद इ. स. १७६० चा, तर त्याच सालचा पौष शुद्ध अष्टमीचा, म्हणजे पानिपतच्या दिवसाचा, १७६१ चा ठरतो. ५९९ मिळवावयाचे कीं ६००, हें महिना पाहून ठरवावें लागतें. एवढ्या चुकीनें मृत पुरुषाच्या हातीं सनद पडते! मूळ मिति छापली असती तर वाचकानें ही चूक स्वतः दुरुस्त केली असती.

यावर उत्तर येतें कीं, हा ग्रंथ घरच्यांसाठीं आहे, पंडितांसाठीं नव्हे; वडिलांच्या शब्दावर संशय कशाला? संशयाचा प्रश्नच नाहीं. आजोबांनीं सांगितलेली हकीकत ‘आजोबांनीं अमुक सालीं सांगितली’ म्हणून खुशाल छापावी. तोही आधारच आहे. तिला कागदाचा वेष चढवणें ही लबाडी होय. वतनांच्या तंट्यांत बनावट कागद पुढें केले जात, हें इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. मग मूळ पाहिलें कीं नक्कल, हें घरच्यांस तरी कळूं नये काय?

राजवाड्यांनीं १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढें गांवोगांव, दारोदार हिंडून कागद मिळविले. माळ्यावरचे कागद आजही पावसांत भिजतात, वाळवी खाते, घर विकतांना ते रद्दींत जातात. कित्येकांचें छायाचित्र तेवढें दूरध्वनि-यंत्रांत उरतें. तेंही कोणत्या पेटींतील कागदाचें, हें काढणाऱ्यासही वर्षाभरानें सांगतां येत नाहीं.

ज्या घराण्यांच्या दुसऱ्या आवृत्त्यांची सिद्धता चालू आहे त्यांनीं निदान एक परिशिष्ट जोडावें : प्रत्येक कागद कोणाजवळ आहे, मूळ कीं नक्कल, मिति काय, आणि तो कोणीं व कधीं वाचला. घरीं ठेवणें अशक्य असेल तर १९१० पासून हेंच कार्य करीत असलेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे कागद सोपवावेत आणि तेथील दाखल-क्रमांक त्या परिशिष्टांत छापावा.